पत्र पोहोचले, पण मिळाले नाही

समजा, बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यातल्या उमापूर येथील एका शाळेने शिष्यवृत्तीसंबंधी एक पत्र ई-मेलने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. एका विद्यार्थिनीच्या नावातली चूक दुरुस्त करावी, एवढीच विनंती त्यात होती आणि तिला मुदत होती. मुदत संपली, दुरुस्ती झाली नाही. शाळा म्हणते, "आम्ही पत्र पाठवले, 'पाठवलेली पत्रे' या यादीत ते आजही दिसते." कार्यालय म्हणते, "आम्हाला मिळालेच नाही." मधल्या संगणकाची नोंदवही पाहिली, तर तिथे लिहिलेले असते की पत्र स्वीकारले. तिघेही खरे बोलत आहेत. मग पत्र गेले कुठे?

हे उदाहरण आम्ही विवेचनासाठी रचले आहे, पण असे प्रसंग ई-मेल वापरणाऱ्या कोणत्याही कार्यालयात घडू शकतात. त्यात बहुधा कोणाचा कामचुकारपणा नसतो आणि यंत्रही बिघडलेले नसते. दोन प्रोग्रॅम आपापल्या जागी अगदी नीट काम करत असतात. मात्र दोघांच्या 'डिफॉल्ट' मांडण्या एकमेकींशी जुळत नाहीत. हे कसे होते, ते या लेखात पाहू.

डिफॉल्ट म्हणजे काय?

एखादी वस्तू वापरणाऱ्याने काहीच न ठरवता जशी चालते, ती तिची डिफॉल्ट मांडणी. ही निवड कोणीतरी केलेलीच असते, फक्त ती आपण केलेली नसते. वस्तू बनवणाऱ्याने आपल्यासाठी आगाऊ केलेली असते.

मराठवाड्यातल्या शिक्षकांना एक उदाहरण सहज पटेल. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला बरेच शेतकरी 'ऑटो स्विच' बसवतात. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते, रात्री शेतात जावे लागत नाही. एका शेतकऱ्यापुरते पाहिले तर ही सोय उत्तम आहे. पण एका डीपीवरच्या सगळ्याच मोटारींना असे स्विच असतील, तर वीज येताच सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. एवढा भार एकदम आल्यामुळे डीपी जळतो. म्हणूनच महावितरण ऑटो स्विच काढून टाकण्याचे आवाहन करते. येथे एकही स्विच बिघडलेला नाही. प्रत्येक स्विच बसवताना इतर स्विचांचा विचार झालेला नाही, एवढेच.

ई-मेलच्या बाबतीतही असेच घडते.

पत्राचा प्रवास

ई-मेल लिहितो तो प्रोग्रॅम, उदाहरणार्थ थंडरबर्ड किंवा आउटलुक, पत्राला एक माथा जोडतो. पाठवणारा कोण, कोणाला, विषय काय, तारीख आणि वेळ कोणती, मजकूर कोणत्या संकेतात लिहिला आहे, अशा ओळी त्यात असतात. यातल्या बहुतेक ओळी आपण लिहीत नाही, प्रोग्रॅमच लिहितो. मग पत्र पाठवणाऱ्याच्या सर्व्हरकडे, तिथून घेणाऱ्याच्या सर्व्हरकडे जाते. तिथे एक गाळणी बसलेली असते. गाळणीतून पार पडलेले पत्र मुख्य पेटीत जाते, अडकलेले 'स्पॅम' नावाच्या वेगळ्या पेटीत. शेवटी घेणाऱ्याच्या संगणकावरचा प्रोग्रॅम सर्व्हरवरून पत्रे उतरवून घेतो.

या प्रवासाचे मूळ नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढले. त्या काळी संगणकजाल म्हणजे विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांचे एक छोटे गाव होते. आपल्याकडे १९८६ साली एर्नेट प्रकल्प सुरू झाला, तेव्हा त्यात मुंबईची एनसीएसटी, बंगळूरची विज्ञान संस्था, पाच आयआयटी आणि केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग एवढेच होते. सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत.

लहान गावात दाराला कडी लावत नाहीत, तसे या जालाचे होते. पोस्टेल यांनीच १९८० साली एका नियमावलीत एक तत्त्व सांगितले होते. त्याचा आशय असा की, पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार राहा. समोरच्याच्या पत्रात बारीकसारीक चूक असली तरी अर्थ लागत असेल तर ते स्वीकारावे. ई-मेलचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी यातला दुसरा भाग गृहीतच धरला. आपल्याकडून थोडे ढिले गेले तरी पलीकडचा सांभाळून घेईल, अशी त्यांची सवय झाली.

गाळणी का आली?

३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थ्युर्क या विक्री-अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना न विचारता पाठवली. पुढे जाल वाढले तशा अशा जाहिराती वाढल्या, फसवणुकीची पत्रेही आली. त्यांना 'स्पॅम' हे नाव पडले. हे मुळात डबाबंद मांसाचे नाव. १९७० सालच्या एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमात उपाहारगृहातल्या प्रत्येक पदार्थात स्पॅम असते आणि त्या शब्दाच्या गजरात दुसरे काही ऐकूच येत नाही, त्यावरून हा शब्द रूढ झाला.

हजार पत्रे पाठवायला जवळजवळ एका पत्राएवढाच खर्च येतो, म्हणून हे थांबवणे अवघड होते. शेवटी घेणाऱ्याच्या दारात गाळणी बसवावी लागली. अशा गाळण्यांपैकी एक प्रसिद्ध गाळणी म्हणजे जस्टिन मेसन यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेली 'स्पॅमॲसॅसिन'. ती सर्वांना मोफत उपलब्ध आहे आणि तिचे नियम कोणालाही वाचता येतात, म्हणून अभ्यासासाठी ती सोयीची आहे.

तिची पद्धत आपल्या परीक्षेसारखीच आहे, फक्त येथे जास्त गुण म्हणजे नापास. तिच्याकडे शेकडो नियम असतात. विषयाची ओळ रिकामी आहे का? तारीख विचित्र आहे का? मजकूर फक्त रंगीत एचटीएमएल स्वरूपात आहे का? प्रत्येक 'हो'ला काही गुण. काही नियम चांगल्या लक्षणांबद्दल गुण वजाही करतात. बेरीज ५ किंवा जास्त झाली की पत्र स्पॅम ठरते.

हे ५ कुठून आले? ते डिफॉल्ट आहे. ही गाळणी बनवणाऱ्यांनीच माहितीपत्रकात लिहून ठेवले आहे की ५ ही मर्यादा बरीच कडक असून एकट्या माणसाच्या वापराला ती ठीक आहे. अनेक ग्राहकांना सेवा देणाऱ्यांनी ती ८ किंवा १० अशी सैल करावी. पण माहितीपत्रक किती जण वाचतात? गाळणी बसवली, चालू झाली, काम संपले. ५ तसेच राहते.

साडेतेरा तास पुढचे पत्र

आता दोन मांडण्यांची टक्कर कशी होते ते पाहू. उमापूरच्या आपल्या कल्पित शाळेत कार्यालयातला एक जुना संगणक आहे. त्याच्यावर विंडोजची अमेरिकन इंग्रजी प्रत बसवलेली आहे. अशा प्रतीत बराच काळ डिफॉल्ट कालविभाग अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा, म्हणजे ग्रीनिचच्या ८ तास मागचा, असे. बसवणाऱ्याने कोपऱ्यातले घड्याळ पाहिले, वेळ चुकीची दिसली, म्हणून काटे हलवावेत तशी ती बदलून बरोबर केली. कालविभागाला मात्र हात लावला नाही. घड्याळ आता बरोबर दिसते. कोणालाच काही खटकत नाही.

सकाळी १० वाजता शाळेने पत्र पाठवले. प्रोग्रॅमने माथ्यावर लिहिले: वेळ १०:००, ग्रीनिचच्या ८ तास मागे. हे खरे मानले तर ग्रीनिचला तेव्हा संध्याकाळचे ६ वाजले होते. प्रत्यक्षात भारतात सकाळी १० वाजता ग्रीनिचला पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. म्हणजे पत्र साडेतेरा तास पुढच्या वेळेचे ठरले!

भूगोलाच्या तासाला हे गणित रेखांशांवरून करता येईल. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, पश्चिम अमेरिकेची १२० अंश पश्चिम रेखांशाची. दोन्हींतले अंतर २०२.५ अंश. दर १५ अंशांना एक तास, म्हणून २०२.५ भागिले १५ म्हणजे १३.५ तास. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात. तेव्हा हा फरक साडेबारा तास होईल.

आता गाळणीकडे वळू. स्पॅम पाठवणारे मुद्दाम पुढची तारीख घालत. कारण पत्रे तारखेप्रमाणे लावली की असे पत्र यादीत सर्वांत वर दिसते. म्हणून स्पॅमॲसॅसिनमध्ये एक नियम आहे. पत्रावरची वेळ ते मिळाल्याच्या वेळेपेक्षा १२ ते २४ तास पुढची असेल तर गुण द्या. साडेतेरा आणि साडेबारा, दोन्ही या पट्ट्यात बरोबर बसतात. पाठवणाऱ्याची मूळ मांडणी आणि गाळणीचा मूळ नियम एकमेकांसाठीच बनवल्यासारखे येथे भेटतात.

एवढ्यानेच पत्र अडकेल असे नाही. पुढचे गुण समजण्यापुरते धरू. पुढच्या वेळेचे २.५, मजकूर फक्त एचटीएमएलमध्ये म्हणून १, विषय लिहायचा राहिला म्हणून १.६. बेरीज ५.१. पत्र स्पॅम! मर्यादा ८ असती तर ते सुटले असते. विषयाच्या ओळीत दोन शब्द असते तरीही सुटले असते.

घड्याळाचा दुसराही एक त्रास असतो. संगणकाच्या मुख्य फलकावर नाण्याएवढी एक बॅटरी असते. संगणक बंद असताना घड्याळ तिच्यावर चालते. ती संपली आणि वीज गेली की घड्याळ मागे पडते. तारीख चार दिवसांहून जास्त मागची असेल तर त्यासाठीही नियम आहे. आज मोबाइलवरून पाठवलेल्या पत्रांना हा धोका फारसा नाही, कारण मोबाइलचे घड्याळ जालावरून जुळवले जाते. कार्यालयातल्या जुन्या संगणकांना मात्र तो आहेच.

१ जानेवारी २०१०

गाळणीचा नियम लिहिणाराही माणूसच असतो. स्पॅमॲसॅसिनमध्ये 'फार पुढचे साल' ओळखणारा एक नियम होता. साल २०१० ते २०९९ यांपैकी असेल तर ते खोटे समजा, असा त्याचा अर्थ. तो लिहिला तेव्हा २०१० दूर होते. १ जानेवारी २०१० ला मात्र जगातले प्रत्येक नवे पत्र 'फार पुढच्या सालातले' झाले. नववर्षाच्या शुभेच्छा, बिले, कामाची पत्रे, सर्वांना फुकटचे गुण चढले. आधीच थोडे गुण मिळालेली अनेक निर्दोष पत्रे मर्यादेपार गेली.

यातली शिकण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. ही चूक कोणाच्या तरी आधीच लक्षात आली होती आणि गाळणीच्या विकासासाठीच्या प्रतीत ती दुरुस्तही झाली होती. पण ती दुरुस्ती लोक प्रत्यक्ष वापरत होते त्या प्रतींपर्यंत पोहोचली नव्हती. १ जानेवारीलाच सुधारित नियम प्रसृत झाले. ज्यांचे सर्व्हर नियम अद्ययावत करून घेत होते त्यांची लगेच सुटका झाली. इतरांची पत्रे अडकतच राहिली.

उमापूर हा शब्द ई-मेलमध्ये कसा दिसतो?

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. १९८२ चे नियम इंग्रजी अक्षरांसाठी होते. देवनागरी अक्षरे त्या वाटेने जशीच्या तशी जाऊ शकत नसत. १९९२ साली नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी यावर तोड काढली. कोणताही मजकूर इंग्रजी अक्षरे, अंक आणि दोन चिन्हे अशा एकूण ६४ खुणांत लिहायचा. या पद्धतीला 'बेस-६४' म्हणतात. इंग्रजी मोठी अक्षरे ० ते २५, लहान अक्षरे २६ ते ५१, अंक ५२ ते ६१, मग अधिक चिन्ह ६२ आणि तिरकी रेघ ६३.

युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला व मात्रेला क्रमांक आहे. 'उमापूर'मध्ये असे सहा घटक आहेत: उ २३१३, म २३५०, काना २३६६, प २३४६, दीर्घ ऊकार २३७०, र २३५२. प्रचलित यूटीएफ-८ संकेतात प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण १८ बाइट. बेस-६४ मध्ये दर ३ बाइटच्या ४ खुणा होतात, म्हणून २४ खुणा.

या खुणा वर्गात हातानेही काढता येतात. क्रमांकातून २३०४ वजा करा. बाकी ६४ पेक्षा कमी असेल तर पहिल्या तीन खुणा चार, मोठा के, मोठा एस. बाकी ६४ किंवा जास्त असेल तर त्यातून ६४ आणखी वजा करा आणि तिसरी खूण एसऐवजी मोठा डब्ल्यू घ्या. चौथी खूण उरलेल्या बाकीची. उ साठी बाकी ९, म्हणून चौथी खूण मोठा जे. म साठी ४६, म्हणजे लहान यू. काना ६२, म्हणजे अधिक चिन्ह. प ४२, म्हणजे लहान क्यू. दीर्घ ऊकाराची बाकी ६६, म्हणून डब्ल्यू आणि उरलेल्या २ चा मोठा सी. र ४८, म्हणजे लहान डब्ल्यू. झाला 'उमापूर'!

पण एक गंमत आहे. शब्दापूर्वी एक इंग्रजी अक्षर किंवा मोकळी जागा आली तर ती एकच बाइट घेते. मग तीन-तीनचे गट सरकतात आणि तोच शब्द वेगळ्याच खुणांत दिसतो. असे तीन अवतार होऊ शकतात. म्हणजे गाळणीने कच्चा मजकूर पाहिला तर तिला शब्द ओळखताच येणार नाही. आधी उकल करावी लागेल.

स्पॅमवाल्यांनी नेमका याचा फायदा घेतला. जाहिरातीतले इंग्रजी शब्द गाळणीला दिसू नयेत म्हणून ते इंग्रजी मजकूरही बेस-६४ मध्ये पाठवू लागले. त्यावर गाळणीत नियम आला. बेस-६४ मधला मजकूर म्हणजे वेषांतर केलेला मजकूर, अशा अर्थाचे त्याचे वर्णन आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याला हे योग्यच वाटेल, कारण त्याला बेस-६४ ची गरजच नसते. पण मराठी किंवा तमिळ पत्र बऱ्याचदा या वेषात प्रवास करते. तिथे तो वेष गरजेचा असतो, फसवणुकीचा नसतो. पुढे हा नियम सुधारून, साधी इंग्रजी अक्षरे विनाकारण बेस-६४ मध्ये घातली असतील तरच गुण द्यावेत, असा मर्यादित केला गेला. आपल्यासारख्यांची अडचण लक्षात घेऊन नियम बदलता येतो, हे यातून दिसते. मात्र तो बदल प्रत्येक सर्व्हरपर्यंत पोहोचावा लागतो.

नव्व्याण्णव टक्के म्हणजे किती?

२००२ साली पॉल ग्रॅहम यांनी एका निबंधात गाळणीला उदाहरणांवरून शिकवण्याची पद्धत लोकप्रिय केली. तिच्यामागे थॉमस बेज यांचे १७६३ साली प्रसिद्ध झालेले संभाव्यतेचे सूत्र आहे. समजा, १०० स्पॅम पत्रांपैकी ४० पत्रांत 'बक्षीस' हा शब्द आहे आणि १०० चांगल्या पत्रांपैकी २ पत्रांत. स्पॅम आणि चांगली पत्रे सारख्याच संख्येने येत असतील, तर 'बक्षीस' असलेले पत्र स्पॅम असण्याची शक्यता ४२ पैकी ४०, म्हणजे सुमारे ९५ टक्के. पण शाळेच्या पेटीत बक्षीस समारंभ, वक्तृत्वाची बक्षिसे यांची पत्रे भरपूर असतात. तिथे चांगल्या १०० पैकी ३० पत्रांत हा शब्द असेल, तर शक्यता ७० पैकी ४०, म्हणजे सुमारे ५७ टक्केच. शब्द तोच असला तरी तो कोणाच्या पेटीवरून शिकला, यावर निष्कर्ष अवलंबून असतो.

आता गाळणी '९९ टक्के अचूक' आहे असे म्हणू. १,००० पत्रे आली, ९०० स्पॅम आणि १०० चांगली. गाळणीने ८९१ स्पॅम पकडली, ९ निसटली. चांगल्यांपैकी ९९ सोडली, १ चुकून अडवले. एकूण ९९० निर्णय बरोबर, म्हणजे ९९ टक्के. आता त्या १०० चांगल्या पत्रांत ९८ इंग्रजी आणि २ मराठी होती, आणि अडकलेले एक पत्र मराठी होते असे समजा. मराठी पत्रांसाठी गाळणी निम्म्या वेळा चुकली! तरी एकूण आकडा ९९ टक्केच राहतो. सरासरीत अल्पसंख्य गटाची अडचण कशी लपते, हे दहावीच्या मुलांना समजावून सांगण्यासाठी याहून सोपे उदाहरण आम्हाला सुचत नाही.

अडकलेले पत्र दिसत का नाही?

अडकलेले पत्र नष्ट झालेले नसते. ते सर्व्हरवरच्या स्पॅम पेटीत असते. मग कार्यालयाला ते का दिसले नाही? येथे मांडण्यांची दुसरी टक्कर आहे.

संगणकावरचा प्रोग्रॅम सर्व्हरवरून पत्रे दोन प्रकारे घेऊ शकतो. 'पॉप' ही जुनी पद्धत. तिला सर्व्हरवर एकच पेटी असते असे वाटते, म्हणून ती फक्त मुख्य पेटीतली पत्रे उतरवते. 'आयमॅप' पद्धतीत सर्व्हरवरच्या सगळ्या पेट्या दिसतात. पॉपचा आराखडा झाला तेव्हा वेगळी स्पॅम पेटी ही कल्पनाच नव्हती.

गाळणी समजते की, 'संशयित पत्र मी वेगळे ठेवले आहे, माणूस अधूनमधून पाहील.' पॉपवर चालणारा प्रोग्रॅम समजतो की, 'मुख्य पेटीत जे आहे तेच सर्व टपाल.' दोघांच्या मधल्या फटीत पत्र पडते. कार्यालयातला माणूस आपल्या संगणकावरची जंक पेटीही पाहतो आणि ती रिकामी असते, कारण ती वेगळीच पेटी आहे! जीमेलसारख्या सेवेत स्पॅम पेटीतली पत्रे ३० दिवसांनी आपोआप पुसली जातात. त्यानंतर शोधायलाही काही उरत नाही.

याच कारणाने गाळणी शिकतही नाही. थंडरबर्डमध्ये 'हे जंक नाही' असे बटण दाबले तर थंडरबर्डची स्वतःची गाळणी शिकते. पॉपने पत्रे घेतली असतील तर सर्व्हरवरच्या गाळणीला त्याचा पत्ताही लागत नाही. पाठवणाऱ्यालाही सूचना येत नाही. चुकीच्या पत्त्यावर पाठवलेले पत्र निदान परत येते. स्पॅम ठरलेले पत्र सहसा परत पाठवत नाहीत, कारण स्पॅमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो आणि परतीच्या पत्रांचा मारा भलत्याच माणसावर होतो. ही खबरदारी योग्यच आहे. तिची किंमत मात्र प्रामाणिक पाठवणारा मोजतो.

शाळेने काय करावे?

पाठवणाऱ्या बाजूला चार गोष्टी पुरेत. संगणकाचा कालविभाग 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' असा आहे ना, ते पाहावे. विषयाची ओळ नेहमी लिहावी आणि ती नेमकी असावी. महत्त्वाचे पत्र साध्या मजकुरात, युनिकोड मराठीत लिहावे. शाळेचा स्वतःचा पत्ता असेल तर पत्र त्याच सेवेच्या सर्व्हरवरून जाते ना, हे संकेतस्थळ पाहणाऱ्याकडून तपासून घ्यावे. कोणत्या सर्व्हरला आपल्या नावाने पत्र पाठवण्याची परवानगी आहे, याची यादी आता जालावर नोंदवता येते. त्या यादीबाहेरून आलेल्या पत्राकडे गाळण्या संशयाने पाहतात.

घेणाऱ्या बाजूला दोन गोष्टी पुरेत. पॉप असेल तर आयमॅप करावे. ते जमत नसेल तर आठवड्यातून एकदा ब्राउझरमधून सर्व्हरवरची स्पॅम पेटी उघडून पाहावी आणि चांगले पत्र सापडले तर तिथेच 'स्पॅम नाही' असे सांगावे. आणि ज्या पत्राला मुदत आहे, त्याची पोच दोन दिवसांत आली नाही तर फोन करावा. एखाद्या मुलीचे वर्षभराचे शुल्क त्या पत्रावर अवलंबून असेल, तर 'पाठवले' ही नोंद पुरेशी मानता येणार नाही.

वर्गात करून पाहा

१. आपल्या गावाच्या नावाचे युनिकोड क्रमांक शोधा आणि वर दिलेल्या रीतीने बेस-६४ खुणा काढा. जोडाक्षर असेल तर हलन्ताचे चिन्ह (२३८१) विसरू नका.

२. एखाद्या ई-मेलचा पूर्ण माथा उघडा. पत्रावरची वेळ आणि प्रत्येक सर्व्हरने नोंदवलेली मिळाल्याची वेळ ग्रीनिच वेळेत बदला. पत्राला कोणत्या टप्प्यावर किती सेकंद लागले?

३. मुलांना वीस काल्पनिक पत्रे लिहून द्या आणि गटागटाने गाळणीचे पाच नियम व त्यांचे गुण ठरवायला सांगा. नंतर एका गटाचे नियम दुसऱ्या गटाच्या पत्रांना लावा. मर्यादा ५ वरून ८ केली तर किती चांगली पत्रे सुटतात आणि किती वाईट पत्रे निसटतात, याचा तक्ता करा. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारी मर्यादा सापडते का, ते मुलांनाच शोधू द्या.